घुगरी, टोपली आणि मोड
(चांदीचे हात : लेखांक ६)

मागच्या लेखांकात तार ओढणे आणि टाकणखार लावून झाळणे पाहिले. आज नक्षी. त्यासाठी वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जाऊ. रामनवमीला संत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी देशभरातून बंजारा समाज इथे येतो. त्या गर्दीत एखाद्या वयस्कर याडीच्या (आईच्या) कानशिलांजवळ, केसांत अडकवलेल्या टोपल्या आणि त्यांना लोंबणाऱ्या घुगऱ्या दिसतात. गोरमाटी, म्हणजेच बंजारा, समाजात हे लग्न झालेल्या बाईचे लेणे. शिवाय गळ्यात हासली आणि रुपयांची माळ.

टोपलीसारख्या पोकळ दागिन्यावर हाताने नक्षी काढायच्या तऱ्हा दोन. उठावाच्या कामात पत्रा राळेवर बसवतात, मागून बोथट छन्नीने ठोकून फुगवतात, मग उलटवून पुढून रेषा बसवतात. ठोक खाऊन चांदी ताठरते. मधूनमधून तापवून मऊ केली नाही तर पत्रा चिरतो. कोरीव कामात मात्र धारदार हत्याराने चांदी काढूनच टाकायची. हा फरक डोळ्याआधी तराजूला कळतो. उठावात चांदी नुसती सरकते, कोरताना घटते. अर्थात तो चुरा कोणी सोडत नाही. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा धुऊन त्यातून धातू काढणारे झारेकरी आहेतच!

तराजूची फिकीर बंजाऱ्यांच्या तांड्याला सर्वांत जास्त. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत फिरणाऱ्यांची पुंजी अंगावरच राहायची. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली, वाहतुकीचा धंदा बसत गेला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अनेक तांड्यांवर पोलिसांची नजर बसवली. अशा दिवसांत दागिना विकावा लागणारच. रुपयांच्या माळेचे शहाणपण इथे दिसते. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. सोनाराने फक्त कडी झाळायची. कसाबद्दल कोणाच्या शब्दावर विसंबायला नको. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हापासून जुन्या नाण्यांचा मान वेगळाच.

या दागिन्यांना ‘ओबडधोबड’ म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. मोडीत चांदीचा भाव मिळतो, मजुरी परत येत नाही. तेव्हा पैसा नक्षीपेक्षा वजनात घालणे हा पक्का हिशेब होता. त्याची किंमत कलेने मोजली, हेही खरे. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि मुशीत सारे कारागीर सारखेच होतात. म्हणून जुने नमुने कमी उरले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, पण खरा साठा अजून घरच्या पेट्यांत आहे.

तुमच्याकडे टोपल्यांची जोडी असेल तर मोडीत देण्याआधी दोन्ही शेजारी ठेवा, पालथ्या करूनही पाहा. हाताऐवजी ठशावर ठोकून उमटवलेली नक्षी तंतोतंत जुळते. हातची कुठेतरी हुकतेच: एखादी पाकळी जाड, एखादा ठिपका सरकलेला. ठसे कसे कोरतात, ते पुढच्या आठवड्यात.