संगणक बंद पडला म्हणजे हिशेब बुडाला नव्हे



गळीत हंगामात काट्यावरचा संगणक अर्धा तास जरी अडला तरी बंड्यांची आणि ट्रॉल्यांची रांग लागते. रांगेत एकच प्रश्न फिरतो, "आमच्या उसाची नोंद तर गेली नाही ना?" घरोघरीही आता तीच गत आहे. नागपूरला नंदनवनकडे खोली करून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे फोन येतात, की रात्री अपडेट झाले आणि सकाळपासून यंत्र सुरूच होत नाही. म्हणून यंत्र असे का वागते आणि अशा वेळी काय करावे, हे या अंकात सांगत आहोत.

अपडेटने यंत्र का अडते?

संगणकातील सर्व कामांवर देखरेख करणारी एक मुख्य प्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती 'विंडोज' असते. कारखान्यात मिल, बॉयलर आणि पॅन यांचा मेळ शिफ्ट इन्चार्ज घालतो, तसेच हिचे काम. तिच्यातील दोष काढण्यासाठी कंपनी वेळोवेळी दुरुस्त केलेले भाग पाठवते. त्यालाच अपडेट म्हणतात. नवा भाग आणि यंत्रातला जुना भाग यांचे जुळले नाही, मधेच लाइट गेली, किंवा डिस्कवर जागाच उरली नाही, की यंत्र अडते.

मग पडदा निळा किंवा काळा होतो आणि इंग्रजीत एक सांकेतिक शब्द उमटतो. प्रणालीच्या गाभ्यात चूक आढळली तर काम पुढे रेटून नोंदी बिघडू नयेत, म्हणून यंत्र स्वतःहूनच थांबते. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणजे बॉयलर फुटला असे आपण म्हणत नाही. येथेही तसेच समजावे. बहुतेक वेळा डिस्कवरील नोंदी जागच्या जागी असतात.

जुलै २०२४ चा धडा

१९ जुलै २०२४ रोजी असा प्रसंग साऱ्या जगावर आला. क्राउडस्ट्राइक ही संगणकांची राखण करणारे सॉफ्टवेअर पुरवणारी अमेरिकन कंपनी आहे. तिने विंडोजवरील यंत्रांसाठी आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल पाठवली. विंडोजचे स्वतःचे अपडेट ते नव्हते. पण हे राखणदार सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यातच काम करीत असल्याने त्याची चूक सगळ्या यंत्राला भोवली.

चूक ऐकाल तर साधी वाटेल. नव्या नियमात २१ रकाने धरले होते, पण प्रत्यक्षात माहिती २० रकान्यांचीच येत होती. एकविसावा रकाना वाचायला गेलेले यंत्र कोलमडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. हैदराबादला तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी ती फाइल मागे घेतली. पण जी यंत्रे सुरूच होत नव्हती, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? पुष्कळ ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करून ती फाइल काढली.

यावरून घ्यायचे ते इतकेच. नवे बेणे आले की आपण ते आधी चार सरींत लावून बघतो, एकदम सगळ्या वावरात लावत नाही. अपडेटही आधी एका यंत्रावर, मग बाकीच्यांवर.

मग अपडेट करूच नये काय?

असे मात्र नाही. मार्च २०१७ मध्ये विंडोजच्या एका दोषावर दुरुस्ती आली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने गाठले. त्याच दोषाचा फायदा घेणाऱ्या 'नॉटपेट्या'ने २७ जून २०१७ च्या हल्ल्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचेही काम अडवले. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे, हेही ती वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. अपडेट टाळण्यात शहाणपण नाही, ते वेळ पाहून करावे.

घरचे यंत्र अडले तर

१. घाई करू नये. अपडेटला कधी कधी तास-दोन तास लागतात. चालू अपडेटमध्ये बटण दाबून यंत्र बंद करू नये. लॅपटॉप असल्यास चार्जर लावून ठेवावा.

२. पडद्यावरच्या सांकेतिक शब्दाचा मोबाइलवर फोटो काढावा. दुरुस्ती करणाराला त्यावरूनच दिशा मिळते.

३. प्रिंटर, पेन ड्राइव्ह असे जोडलेले सारे काढून यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे.

४. तरीही पडदा पुन्हा पुन्हा निळा होत असेल, तर विंडोजचे चिन्ह दिसताच बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. असे दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असे जावे आणि शेवटचे 'क्वालिटी अपडेट' काढावे. तेथूनच 'सेफ मोड'मध्येही जाता येते. त्यात यंत्र मोजक्याच भागांवर चालते आणि बिघाड सापडायला सोपा जातो.

५. यंत्राने 'बिटलॉकर'ची किल्ली मागितली तर ४८ अंकांचा आकडा लागतो. त्याच्याविना डिस्क उघडत नाही. यंत्र धड असतानाच तो आकडा वहीत उतरवून ठेवावा.

६. "फॉर्मॅट मारून टाकू" असे कोणी म्हटले तर आधी विचारावे, "आमच्या फाइली बाहेर काढल्या का?" फॉर्मॅट हा शेवटचा उपाय आहे.

यंत्र दुरुस्त करून देतो, असा अनोळखी फोन आल्यास ओटीपी किंवा बँकेचा तपशील देऊ नये. २०२४ च्या गोंधळातही असे भामटे पुढे आले होते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावे.

काट्यावरचा संगणक अडला तर

येथे सभासदाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वजन संगणक करीत नाही. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतात. ओझ्याप्रमाणे त्यांतून विजेचा संकेत येतो आणि जवळचा इंडिकेटर वजनाचा आकडा दाखवतो. संगणक तो आकडा घेऊन नोंद करतो व पावती छापतो. म्हणजे संगणक बंद असला तरी इंडिकेटर चालू असेल तर वजन होऊ शकते. तोडलेला ऊस उन्हात थांबला तर वाळतो, वजन घटते आणि उताराही पडतो. तेव्हा रांग थांबवण्यापेक्षा अनुक्रमांक छापलेल्या पावती पुस्तकावर हाताने नोंद करणे बरे.

अशा पावतीवर तारीख, वेळ, वाहन क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन आणि काटा लिपिकाची सही पाहूनच जागा सोडावी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किमान दराचे पैसे द्यायचे असतात. ते पैसे त्या निव्वळ वजनावरच निघतात. यंत्र सुरू झाल्यावर हातपावत्या संगणकात चढवल्या जातात. बिल हातात आले की आपली पावती काढून आकडा ताडून पाहावा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात गट कार्यालयात दाखवावा, हंगाम संपण्याची वाट पाहू नये.

काट्यावरच्या यंत्राबाबत आमचे म्हणणे असे. मोठे अपडेट गळीत बंद असतानाच करावे. हंगामात तातडीची दुरुस्ती आलीच तर ती आधी ऑफिसातील एका यंत्रावर पाहावी आणि मग साफसफाईच्या बंदच्या दिवशी काट्यावर घ्यावी. दररोजच्या नोंदींची प्रत संगणकापासून वेगळ्या डिस्कवर ठेवावी. या गोष्टी विचारण्याचा सभासदाला हक्क आहे आणि सभासदाने तो संकोच न करता वापरावा.

शेवटी एकच विनंती. काटा पावती खिशातच विरघळू देऊ नका, घरी गेल्याबरोबर डब्यात ठेवा. यंत्राची आठवण कधी जाईल सांगता येत नाही. आपली पावती आपल्यापाशी असू द्यावी.