बातमी येते, मग प्रश्न येतात : क्रायोनिक्सचे उदाहरण



मृत्यूनंतर लगेच देह अतिशीत तापमानात ठेवायचा आणि पुढे कधीतरी विज्ञान त्याला जिवंत करील अशी आशा धरायची, याला क्रायोनिक्स म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत पहिला देह असा ठेवला गेला. आजवर एकही माणूस परत आलेला नाही. तरीही बातमी झळकली की विज्ञान शिकणाऱ्या मुलांना घरचेच विचारतात, "आपल्याकडे ही सोय आहे का? खर्च किती येतो?" हे प्रश्न कसे तयार होतात ते पाहू.

१. निकाल एक, बातमी दुसरी

२०१६ साली लंडनच्या उच्च न्यायालयात कर्करोग झालेल्या १४ वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले. तिला क्रायोनिक्स हवे होते. आई सोबत होती, पण वडिलांशी एकमत नव्हते. मृत्यूनंतर देहाचा निर्णय आईने घ्यावा, एवढेच न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी ठरवले. न्यायालय क्रायोनिक्सला मान्यता देत नाही, हे त्यांनी निकालात स्पष्ट केले. ऑक्टोबरमध्ये मुलगी गेली. नोव्हेंबरमध्ये प्रसिद्धीची बंदी उठली आणि बातमी जगभर पसरली.

म्हणजे निकाल आईवडिलांच्या वादाचा होता. वाचकाच्या मनात मात्र "कोर्टाने परवानगी दिली" एवढेच राहिले आणि त्यापुढे त्याने स्वतःच जोडले, "म्हणजे हे होत असणार." बातमीत सुमारे ३७ हजार पौंड हा खर्चही होता. किंमत कळली की गोष्ट बाजारात मिळते असे वाटते. म्हणून लोक "हे शक्य आहे का?" हा पहिला प्रश्न ओलांडून थेट "कुठे मिळेल?" असे विचारतात.

२. "गोठवणे" या एका शब्दाचा घोळ

बातमी वाचताना आपण ओळखीच्या गोष्टींचा आधार घेतो. तेथे चार वेगळ्या गोष्टी एकत्र होतात.

(अ) रेतमात्रा : बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे किंवा पुणे जिल्ह्यात उरुळीकांचनला वळूचे वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. नमुना अगदी छोटा असल्याने तो सारखा थंड होतो आणि पुरेशा पेशी टिकतात.

(आ) शस्त्रक्रिया : आमच्या बोम्मसंद्रा भागात नारायणा हृदयालय आहे. अशा मोठ्या हृदयरुग्णालयांत महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांसाठी रुग्णाचे शरीर सुमारे १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवतात. येथे रुग्ण जिवंत असतो आणि काहीही गोठलेले नसते.

(इ) श्रद्धा : पंजाबातील नूरमहल येथे २०१४ पासून आशुतोष महाराजांचा देह फ्रीझरमध्ये ठेवला गेला. ते समाधीत आहेत, अशी अनुयायांची श्रद्धा होती. त्यात पुनरुज्जीवनाच्या तंत्राचा दावा नव्हता.

(ई) क्रायोनिक्स : यात संपूर्ण देह किंवा मेंदू उणे १९६ अंशांवर नेतात. पाण्याचे बर्फ झाले तर स्फटिकांनी पेशी फाटतात. ते टाळण्यासाठी दिलेली रसायने जास्त प्रमाणात विषारी ठरतात आणि मोठा अवयव सारखा थंड होत नसल्याने त्याला तडे जातात. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठात उंदराचे मूत्रपिंड १०० दिवसांपर्यंत असे साठवून पुन्हा बसवता आले. हे मोठे यश आहे, पण उंदराच्या मूत्रपिंडापासून माणसाच्या मेंदूपर्यंतचे अंतर फार आहे.

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असल्यामुळे चौथीही खरी वाटू लागते.

३. उत्तर कसे द्यावे?

असा प्रश्न आला तर हसू नका. विचारणाऱ्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असू शकते. आधी "कोण आजारी आहे?" हे विचारा. मग वरील चार गोष्टी वेगळ्या करून सांगा आणि आजवर कोणीही परत आलेले नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. नाहीतर जो पैसा आणि वेळ रुग्णाच्या उपचारांना व वेदनाशमनाला हवा, तो भलतीकडे जातो.

स्वाध्याय : वैद्यकीय शोधाची एक ताजी बातमी घ्या. प्रयोग कशावर झाला (पेशी, प्राणी की माणूस), काय सिद्ध झाले आणि मथळा वाचून तुम्ही मनाने काय जोडले, हे तीन ओळींत लिहा.