सफरीआधीचे चार दिवस

भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात सायकल म्हणजे कामगाराची गाडी. हँडलला डबा अडकवून पहिल्या पाळीला निघणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. याच पिंपरी-चिंचवड परिसरातली वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलवर जगाच्या फेरीला निघाली, तेव्हा तिचे वय होते अवघे १९. जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून सुरुवात केली आणि १५९ दिवसांत १४ देश, सुमारे २९,००० किलोमीटर पार केले, तेही बहुतेक एकटीने. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटले, तरी ती थांबली नाही. २३ डिसेंबरला कोलकात्यात अंतर पुरे झाले, पण जिथून निघालो तिथेच पोहोचायचे असा नियम असल्याने पर्थमधले १५ किलोमीटर अजून बाकी होते.

म्हणजे ज्या परक्या शहरातून सफर सुरू होते, ते शहर म्हणजे नुसता एसटीचा थांबा नव्हे. तिथले पहिले चार दिवस पुढच्या सगळ्या प्रवासाचा पाया असतात. आपण घरची मंडळी तिकीट, व्हिसा, पैसे यांची चिंता करतो. हे चार दिवस मात्र हिशेबात धरत नाही.

पर्थचेच उदाहरण घ्या. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा. सायकलच्या टायरला माती चिकटलेली असेल तर विमानतळावरच अडवतात. म्हणून घरूनच ती स्वच्छ धुऊन न्यावी. विमानात सायकल खोक्यातून जाते. त्यासाठी काढलेले पायडल पुन्हा बसवताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नये. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो. हेल्मेट कायद्याने सक्तीचे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हा मात्र दिलासा.

पूर्वेकडे निघाले की नलारबोरच्या माळावर सुमारे १४६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला रस्ता लागतो. ब्रेक सैल आहे, हे तिथे कळून काय उपयोग? म्हणून आधी शहरातच सामान लादून वीस-तीस किलोमीटर फिरून पाहावे.

आपल्या मुलामुलींनी आणखी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शोधाव्यात: हलाल जेवण आणि मशीद. पर्थमध्ये विल्यम स्ट्रीटवर शंभरहून अधिक वर्षे जुनी मशीद आहे. उंटांचे तांडे चालवायला तिकडे गेलेल्या मुसलमानांच्या काळातली. अशा ठिकाणी सलाम केला की ओळख होते, आणि अडचणीत फोन करायला एक नंबर मिळतो. हनफी मसलकात १५ दिवस मुक्कामाची नियत केली की मुसाफिर मुकीम ठरतो, नमाज पूर्ण पढावी लागते. तेव्हा किती दिवस राहायचे, हेही आधीच ठरवलेले बरे.

मुलीने असा विषय काढला की अम्मी-अब्बांचा पहिला सवाल असतो, "एकटी कशी राहशील?" आम्ही शाळेत मुलींना सांगतो, या सवालावर रुसू नका, कागद घ्या. कुठे उतरणार, सायकल कुठे जोडणार, कुठे जेवणार, रोज किती वाजता फोन करणार, हे चार दिवसांचे लिहून दाखवा. पालकांनीही "नाही" म्हणण्याआधी तो कागद एकदा नीट वाचावा.