पेटीतला ॲम्प, हॉलमधला आवाज

फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा ॲम्प्लिफायर उचलण्याआधी माणसाने कंबरेचा विचार करावा. आजही विकत मिळणाऱ्या '65 ट्विन'चं वजन 29 किलोच्या आसपास भरतं. व्हॉक्सचा एसी30 याहून हलका नाही. हे दोन्ही, शिवाय मार्शल आणि आणखी कित्येक ॲम्प पोटात घेऊन फिरणारी लाइन 6 कंपनीची एचएक्स स्टॉम्प ही पेटी मात्र सव्वा किलोच्या आसपास. साधारण 18 बाय 13 सेंटिमीटरचा धातूचा डबा, एक छोटा रंगीत पडदा आणि पायाने दाबायची तीन बटणं. गिटारच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ती मावते. लोकलने किंवा एसटीने कार्यक्रमाला जाणाऱ्या गिटारवादकाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि तरीही साउंड चेकच्या वेळी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अरे, घरी काय मस्त वाजत होतं!" हेडफोनवर भरदार, रुंद, अंगावर येणारा आवाज हॉलमध्ये किरकिरा होतो, ड्रम सुरू झाले की गायब होतो आणि सोलोला एकदम कानात घुसतो. मग पेटीला शिव्या बसतात. "डिजिटल ते डिजिटलच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. माझं मत सरळ आहे: यात पेटीचा दोष फारसा नसतो. ती आपल्याला ॲम्प देते असं आपण धरून चालतो, तिथे घोळ होतो. ती देते ती ॲम्पसमोर लावलेल्या मायक्रोफोनला ऐकू आलेली गोष्ट.

हा फरक समजायला थोडं मागे जावं लागेल. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजले तेव्हा समोर 55,600 माणसं होती. व्हॉक्सने त्यांच्यासाठी 100 वॉटचे ॲम्प दिले होते. गायनासाठी स्टेडियमचे स्पीकर होते, पण गिटार पोचवायची जबाबदारी त्या ॲम्पचीच. किंचाळणाऱ्या गर्दीपुढे त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्या काळात ॲम्प मोठा असायचा कारण त्यालाच जागा भरायची असायची. त्याच वर्षी शुअर कंपनीचा एसएम57 हा मायक्रोफोन बाजारात आला. पुढच्या दशकात हॉलचे स्पीकर मोठे होत गेले, एसएम57 ॲम्पच्या जाळीला जवळजवळ टेकवून ठेवायची पद्धत पडली आणि गिटारही गायनासारखीच मिक्सरमधून जाऊ लागली. म्हणजे गेली पन्नास वर्षं मोठ्या कार्यक्रमातला प्रेक्षक ॲम्प थेट ऐकतच नाही. ॲम्प ऐकतो तो फक्त त्याच्याशेजारी उभा असलेला गिटारवादक. पँट फडफडवणारी ती हवा त्याच्याच वाट्याला येते, आणि पेटी घेतल्यावर हरवल्यासारखी वाटते तीही तीच. प्रेक्षकाचं यात काही गेलेलं नसतं.

पेट्यांचा स्वतःचा इतिहासही फार जुना नाही. न्यूयॉर्कच्या टेक 21 कंपनीने 1989 मध्ये सॅन्सॲम्प काढला. तो पूर्ण ॲनालॉग होता, पण बनवला होता तो ॲम्पशिवाय ॲम्पचा आवाज मिक्सरला थेट देण्यासाठीच. रोलँडचं व्हीजी-8 हे डिजिटल नक्कल करणारं यंत्र 1995 मध्ये आलं. 1996 मध्ये लाइन 6 ने ॲक्सिस 212 हा डिजिटल मॉडेलिंग करणारा ॲम्प काढला आणि 1998 मध्ये तो प्रसिद्ध लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा पॉड. कंपनीचे संस्थापक मार्कस राइल आणि मिशेल दोइदिक मुळात सिंथेसायझरच्या दुनियेतले, ओबरहाइममधले. कंपनीच्या नावामागचा किस्सा असा सांगतात की गिटारचं काम गुपचूप चाललेलं असायचं, ऑफिसात फोनच्या पाचच लाइनी होत्या, आणि बाहेरचं कुणी आलं की "सहाव्या लाइनवर फोन आहे" अशी घोषणा व्हायची. म्हणजे गिटार बंद करा.

पॉड हे टेबलावरचं यंत्र होतं. रात्री शेजाऱ्यांना त्रास न देता हेडफोन लावून वाजवायचं, कंप्युटरमध्ये रेकॉर्ड करायचं. या जातीच्या पेट्यांचे तयार आवाज आजही बरेचसे त्याच वातावरणासाठी बनवलेले वाटतात: दुकानात दहा सेकंदांत ग्राहकाला खूश करणारे, एको आणि रिव्हर्बने थबथबलेले. मंचावर हे यंत्र मानाने यायला वेळ लागला. फ्रॅक्टलचं ॲक्स-एफएक्स 2006 चं, जर्मन केंपर 2011 च्या सुमाराचं. डिसेंबर 2013 मध्ये मेटॅलिकाने अंटार्क्टिकावरच्या अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला तेव्हा तिथे स्पीकर लावायचेच नव्हते. शंभर-सव्वाशे श्रोत्यांनी तो हेडफोनवर ऐकला आणि गिटारी ॲक्स-एफएक्समधून गेल्या. त्या बँडचा आवाज ज्यांनी ॲम्पच्या भिंतींसमोर उभं राहून ऐकलाय, त्यांच्यासाठी ही बातमी छोटी नव्हती. लाइन 6 चं हेलिक्स 2015 मध्ये आलं आणि त्याचीच छोटी आवृत्ती म्हणजे 2018 ची एचएक्स स्टॉम्प. तोवर कंपनी यामाहाच्या मालकीची झाली होती.

आत चालतं काय? गिटारचा सिग्नल सेकंदाला 48,000 वेळा मोजला जातो आणि एकेका ठोकळ्यातून पुढे सरकतो: आधी डिस्टॉर्शन वगैरे, मग ॲम्पचं गणित, मग कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी आणि त्यासमोरचा माइक, मग एको-रिव्हर्ब. या सगळ्याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. आवाज हवेत तेवढ्या वेळात सत्तर सेंटिमीटर जातो. ॲम्पपासून एक पाऊल मागे सरकलं तर जेवढा उशीर होतो तेवढाच हा. "लॅग जाणवतो" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

या साखळीत सर्वांत जास्त वजन कॅबिनेटच्या ठोकळ्याला आहे, आणि लोक सर्वांत कमी वेळ त्यालाच देतात. गिटारचा स्पीकर हा मुद्दाम अपुरा स्पीकर आहे. सेलेस्टियनच्या व्हिंटेज 30 या लोकप्रिय स्पीकरची मर्यादा कंपनी स्वतःच 70 ते 5,000 हर्ट्झ अशी देते. हॉलचे स्पीकर मात्र झांजेसाठी, तबल्याच्या चाटेसाठी, गायकाच्या श्वासासाठी बनवलेले असतात, ते थेट वरपर्यंत वाजतात. ॲम्पच्या गणितातून निघालेला कच्चा आवाज त्यांना दिला तर पाच हजारांच्या वरचा सगळा कचरा ते इमानदारीने प्रेक्षकांपर्यंत पोचवतात. तीच ती किरकिर. कॅबिनेटचा ठोकळा हा कचरा गाळतो, पण पूर्ण नाही, कारण खऱ्या स्पीकरच्या मधोमध रोखलेला माइकही तिखटच ऐकतो. पेटीत माइक हलवता येतो. तो मध्यापासून थोडा कडेला न्या, निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं निम्मं आवाजाच्या पातळीत आहे. 1933 मध्ये बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले बरे ऐकू येतात. घरी रात्री अकरा वाजता, हळू आवाजात, माणूस नकळत बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड कमी करतो. तोच आवाज हॉलच्या पातळीला नेला की वाढवलेला बेस ढब्ब होतो, ट्रेबल कापतो. आणि कमी केलेला मिड? गिटार राहतेच तिथे. मिड काढला म्हणजे गिटारच काढली.

याची गंमत एका कॉलेजच्या गॅदरिंगच्या साउंड चेकला बघितली. मिक्सरवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने 'गिटार' लिहिलेलं, साउंडवाले काका चहा पीत. मुलाने कॉर्ड वाजवली तशी त्यांनी काही न बोलता ट्रेबलचं बटण पार डावीकडे फिरवलं. किरकिर गेली, गिटारही गेली. मुलगा वैतागला. मग त्याला लांब केबल देऊन खाली, खुर्च्यांच्या मधोमध उभं केलं आणि बेस-ड्रमवाल्यांना वाजवायला सांगितलं. काकांनी ट्रेबल परत मधोमध आणला. पोराने पेटीवर चार गोष्टी केल्या: गेन सातावरून चारवर, कॅबिनेटचा हाय कट साडेसहा हजारावर, लो कट शंभरावर, आणि मिडचं बटण दुपारच्या एक-दोनच्या जागी. एकटी वाजवली तेव्हा गिटार थोडी नाकात बोलल्यासारखी, बारकी वाटली. बँड सुरू झाल्यावर ती प्रत्येक खुर्चीत ऐकू आली. काकांनी फेडर थोडा वर केला आणि म्हणाले, "आता कसं!"

लो कट शंभरावर म्हटलं की गिटारवादक दचकतात. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झला वाजते, मग शंभराखालचं कसं कापायचं? कापायचं, कारण तिथे बेस गिटार आणि ड्रमचा किक राहतात, आणि आपल्याकडच्या हॉलांचं सब-वूफरचं वेड पाहता तिथे आधीच गर्दी आहे. गेनचंही तसंच. घरी गेन जितका जास्त तितकं बोटांना सोपं जातं. मंचावर जास्त गेन म्हणजे दबलेला, सपाट आवाज आणि दोन गाण्यांच्या मध्ये फीडबॅकची शिट्टी. आणि रिव्हर्ब अर्ध्यावर आणा. काँक्रीटच्या हॉलमध्ये रिव्हर्ब वाढवणं म्हणजे भिजलेल्या माणसावर बादली ओतणं.

आणखी एक गोष्ट हिंदी-मराठी ऑर्केस्ट्रावाल्यांनी तरी लक्षात ठेवावी. एका गाण्यात 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार, पुढच्यात स्वच्छ कॉर्ड, मग रॉकचा सोलो, असे आवाज दर चार मिनिटांनी बदलतात. प्रत्येक आवाजाची पातळी घरी कानाने जुळवली तर ती हॉलमध्ये जुळत नाही. डिस्टॉर्शनचा आवाज हेडफोनवर मोठा वाटतो आणि बँडमध्ये बुडतो, स्वच्छ आवाजाचं उलटं होतं. म्हणून पातळ्या रिहर्सललाच, पूर्ण बँडसोबत जुळवा. सोलोला वर यायचं असेल तर ते तीनेक डेसिबल साखळीच्या शेवटी, कॅबिनेटनंतर वाढवा. ॲम्पच्या आधी वाढवले तर आवाज मोठा होत नाही, फक्त जास्त फाटतो. आणि स्टीरिओचा मोह सोडा. बहुतेक ठिकाणी मिक्सरवर एकच चॅनेल मिळतो, आणि डावीकडून उजवीकडे धावणारा तुमचा एको तिथे अर्धा हरवतो.

स्वतःला ऐकू येण्याचा प्रश्न उरतो. मॉनिटरमधून येणारी गिटार कितीही चांगली असली तरी पाठीमागच्या ॲम्पची ऊब तिला येत नाही, हे मान्य. ज्याला ती हवीच आहे त्याने पेटीतून दोन वाटा काढाव्यात: कॅबिनेटसह एक मिक्सरला, आणि कॅबिनेटच्या आधीच फुटणारी दुसरी मंचावरच्या ॲम्पच्या रिटर्नमध्ये. एचएक्स स्टॉम्पच्या सेंड जॅकमधून हे जमतं. मॉनिटर खराब वाटतो म्हणून ग्लोबल इक्यू फिरवायला जाऊ नका. तो प्रेक्षकांकडे जाणारा आवाजही बदलतो. मॉनिटरचं दुखणं मॉनिटरवाल्याला सांगा.

आता वायरी. इथे आपल्याकडच्या कार्यक्रमांचं स्वतंत्र शास्त्र आहे. एचएक्स स्टॉम्पला एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या वायरीचं, आउटपुट नाही. लांबच्या मिक्सरपर्यंत साधी गिटारची वायर नेली की वाटेतल्या लाइटच्या डिमरचा हम्म तिच्यात शिरतो. त्यासाठी मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल माइकच्या वायरीतून नेण्याजोगा करणारी डबी, लागतो. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की बहुतेक वेळा हम्म जातो. हम्म घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, आणि ती सरळ जिवावरचा खेळ आहे. गिटारच्या तारा हातात, ओठ माइकला, आणि अर्थिंग नाही. ओल्या मैदानावर, मंडपात तर नकोच नको. पेटीच्या आउटपुटवर फँटम पॉवरही, म्हणजे मिक्सरकडून माइकला जाणारी वीजही, नको, ते मिक्सरवाल्याला आधीच सांगा.

जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात आणखी एक सांभाळायचं. पेटीला 9 व्होल्टचा, 3 अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो. साधा पेडलचा ॲडॉप्टर चालत नाही. लाइट एकदम पेटले, व्होल्टेज क्षणभर बसलं की पेटी बंद होऊन नव्याने सुरू होते, आणि तोवर मंचावर गिटार नाही. छोटा यूपीएस सोबत असला तर हा प्रकार टळतो.

तेव्हा पुढच्या कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला एक फोन करा. डीआय आहे का, मिक्सरवर किती चॅनेल मिळतील, वीज कुठून येणार, एवढंच विचारा. डीआय नसेल तर स्वतःचा घ्या. पेटीच्या किमतीच्या मानाने तो फार स्वस्त पडतो, आणि नवे प्रीसेट विकत घेण्यापेक्षा तुमच्या आवाजात फरक नक्की जास्त पाडतो.