रत्नागिरी, राजापूर आणि आपले खासदार

मिरजोळे हे माझे गाव रत्नागिरी शहराला लागूनच आहे. निवडणूक जवळ आली की गावात एक वाक्य हमखास कानावर पडते : "कोकणाने सदा विरोधकांना निवडून दिले, म्हणून कोकण मागे राहिले." आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धांतही ते मोठ्या आवेशाने मांडले जाते. ते कितपत खरे आहे हे पाहायचे, तर आपल्या लोकसभा निवडणुकांचा इतिहास चाळायला हवा.

आपण आज ज्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात मत देतो, तो २००८ च्या फेररचनेत जन्माला आला. त्यापूर्वी येथे दोन मतदारसंघ होते. मिरजोळे रत्नागिरीत, राजापूरपासून खाली सावंतवाडीपर्यंतचा मुलूख राजापूर मतदारसंघात. (१९५२ साली उत्तर व दक्षिण रत्नागिरी असे मतदारसंघ होते. दोन्हीकडे काँग्रेस विजयी झाली. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले निवडून आले.)

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर आले. त्या वर्षी साऱ्या देशात जनसंघाला चारच जागा मिळाल्या होत्या, त्यांतली ही एक! राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै आले.

येथून मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रत्नागिरीने १९६२ व १९६७ साली काँग्रेसच्या शारदा मुखर्जी यांना आणि १९७१ साली काँग्रेसच्याच शांताराम पेजे यांना निवडले. म्हणजे सलग पंधरा वर्षे आमचा खासदार सत्ताधारी पक्षाचा होता. पुढे १९७७ व १९८० ला जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर, १९८४ ला काँग्रेसचे हुसेन दलवाई, १९८९ व १९९१ ला काँग्रेसचेच गोविंदराव निकम. 'सदा विरोधक' हे विधान निदान रत्नागिरीला तरी लागू पडत नाही.

राजापूरची गोष्ट निराळी. नाथ पै तीनदा निवडून आले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी प्रा. मधु दंडवते उभे राहिले. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे. तरी येथील मतदाराने त्यांना पाच वेळा आपले मानले. चिन्हे बदलली : आधी झोपडी, मग नांगरधारी शेतकरी, मग चक्र. मतदार मात्र चिन्हामागचा माणूस ओळखून होता. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत जनता पक्षाला देशभर अवघ्या दहा जागा मिळाल्या. राजापूर त्यांत होते. मला तर हा निकाल आपल्या साऱ्या इतिहासातला सर्वांत धीट कौल वाटतो.

आता त्या वाक्याची कसोटी घेऊ. सत्ताधारी खासदाराच्या त्या पंधरा वर्षांत रत्नागिरीला रेल्वे आली नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार दंडवते. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्रीही होते, पण त्याआधी व त्यानंतरची बहुतेक वर्षे त्यांनी विरोधी बाकावरच काढली. गंमत अशी की, १९९१ साली त्याच राजापूरने त्यांना पराभूत करून काँग्रेसच्या सुधीर सावंतांना निवडले. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला.

१९९६ ला दोन्ही मतदारसंघ शिवसेनेकडे गेले. रत्नागिरीत अनंत गीते, राजापुरात सुरेश प्रभू. याचे मूळ मुंबईत शोधावे असे माझे मत आहे. घरचा कर्ता चाकरमानी गिरणगावात, त्याची मनीऑर्डर गावात. मनीऑर्डरीबरोबर राजकारणही गावात येणारच.

नव्या मतदारसंघात २००९ ला काँग्रेसचे नीलेश राणे जिंकले, २०१४ व २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत. २०२४ ला भाजपचे नारायण राणे यांनी राऊतांचा ४७,८५८ मतांनी पराभव केला. मतदारसंघ एक झाला खरा, पण त्या निकालाची विधानसभानिहाय आकडेवारी पाहा : चिपळूण, रत्नागिरी व राजापूर येथे राऊत पुढे, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी येथे राणे पुढे.