वाय-फाय गेलं म्हणून कॉम्प्युटर बदलू नका

माहूरला माझं ऑनलाइन कामांचं केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा यासाठी आजूबाजूच्या तांड्यांवरून, गुड्यांवरून माणसं रोज बुडवून येतात. नेट अडलं की त्यांची मजुरीही जाते आणि परतीची गाडीही. म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा.

उन्हाळ्यात माझ्या छोट्या डेस्कटॉपचं वाय-फाय दुपारी गायब व्हायला लागलं. सकाळी व्यवस्थित, मशीन तापलं की एकही नेटवर्क दिसेना. मोबाईलवर त्याच राउटरचं नेट धावत होतं, म्हणजे राउटरचा दोष नव्हता. मुख्य खूण वेगळीच होती. वाय-फायबरोबर ब्लूटूथही जायचं. बहुतेक मशीनमध्ये ही दोन्ही कामं एकच कार्ड करतं, त्यामुळे दोन्ही एकदम गेली की संशय थेट कार्डावर. दुकानदार म्हणाला, "ताई, आता नवीनच घ्या." मला ते पटलं नाही. बाकी मशीन ठणठणीत होतं, म्हणून फक्त कार्ड बदलायचं ठरवलं.

हे कार्ड टपालाच्या तिकिटाएवढं असतं, २२ बाय ३० मिलिमीटर. एका स्क्रूवर बसतं, काही मशीनमध्ये एसएसडीच्या खाली दडलेलं असतं. मात्र काही छोट्या मशीनमध्ये ते बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं असतं. तिथे यूएसबी डोंगल लावणंच शहाणपणाचं. म्हणून आधी खोलून बघा, मगच कार्ड मागवा.

मागवताना नंबर नीट वाचा, फसगत इथेच होते. इंटेलचं एएक्स २०१ किंवा एएक्स २११ हे अर्धंच कार्ड म्हणायचं. उरलेलं काम इंटेलच्या ठरावीक पिढ्यांचे प्रोसेसर आणि चिपसेट करतात. एएमडीच्या किंवा जुन्या मशीनमध्ये ते खाचेत बसेल, पण चालणार नाही. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही पूर्ण कार्डं, बहुतेक ठिकाणी चालतात. काही कंपन्यांची जुनी मशीन मात्र स्वतःच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाहीत.

ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. मग मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, उघड्या धातूला हात लावून अंगातली वीज उतरवा. कार्डावर अँटेनाच्या दोन बारीक वायरी टिचबटणासारख्या बसलेल्या असतात. त्या ओढू नका, टोकाच्या टोपीच्या कडेखाली नख घालून सरळ वर उचला. बसवताना टोपी बरोबर मध्यावर ठेवून दाबा, बारीक 'टक्' जाणवतं. यातली एक जरी सैल राहिली तरी नेट रखडतं आणि नवं कार्डच खराब निघाल्यासारखं वाटतं.

कार्ड बदलल्यापासून माझ्याकडे राउटरचे दोन्ही पट्टे दिसतात. मागच्या खोलीतल्या मशीनला २.४ गिगाहर्ट्झ ठेवलंय, कारण ते जाड भिंतीतून जास्त आत पोचतं. समोरच्या टेबलावर ५ गिगाहर्ट्झ, आणि नवरात्रात रांग लागते तेव्हा सरळ लॅनची केबल.