शंकेची फाईल

समजा, इंग्लंडमधल्या एका शाळेत तेरा वर्षांचा मुलगा वर्गात काहीतरी भलतंच बोलून जातो. मोबाइलवर पाहिलेलं असेल, मोठ्या भावाकडून ऐकलेलं असेल, नुसती फुशारकीही असेल. बाईंच्या मनात पाल चुकचुकते. आपल्याकडच्या बाई फार तर आईवडिलांना बोलावून घेतील. तिथल्या बाई बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या सहकाऱ्याकडे जातात. त्यांनाही काळजी वाटली, तर एक फॉर्म भरला जातो: नाव, जन्मतारीख, पत्ता, मुलगा नेमकं काय बोलला, काळजी कशाची वाटते. सकाळपर्यंत बाईंच्या मनात असलेली शंका दुपारी नोंद होते. माणूस शंका विसरू शकतो. नोंदीचं तसं नसतं.

या फॉर्ममागे २०१५चा दहशतवादविरोधी कायदा आहे. लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत यासाठी वेळीच लक्ष घाला, असं कर्तव्य त्याने शाळा, रुग्णालयं, तुरुंग आणि काउन्सिल, म्हणजे तिथल्या नगरपालिका, यांच्यावर टाकलं. योजनेचं नाव ‘प्रिव्हेंट’. फॉर्म पोलिसांकडे जातो. मुलाचा एखाद्या चालू तपासाशी संबंध नाही ना, हे ते पाहतात. प्रकरण मदतीचं वाटलं, तर ते ‘चॅनल’ नावाच्या पॅनेलपुढे येतं, आणि हे पॅनेल भरवण्याची जबाबदारी काउन्सिलची असते. जी संस्था कचरा उचलते आणि ग्रंथालयं चालवते, तिच्याच बैठकीच्या खोलीत एका पोराच्या मनात काय चाललंय यावर खल होतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्या टेबलाभोवती प्रत्येकाकडे एकेक तुकडा असतो. मुलगा अलीकडे दांड्या मारतो, हे शाळेला ठाऊक. तो रात्र रात्र झोपत नाही, हे आरोग्यसेवेला. घराचं भाडं थकलंय, हे घरकुल विभागाला. तुकडे जुळले की मुलाचं चित्र उभं राहतं, म्हणूनच ते जुळवणं नाजूक असतं. धर्म, राजकीय मत, आरोग्य या माहितीला ब्रिटिश कायदा खास जपणुकीची माहिती मानतो. नियम असा, की गरजेपुरतं आणि बेताचंच सांगायचं. भाडं थकल्यामुळे घर सोडावं लागणार असेल, तर ते मुलाच्या घालमेलीशी जोडलेलं असू शकतं. मग ते सांगावं. आईचं दहा वर्षांपूर्वीचं दुखणं त्याच कपाटात असलं, तरी तिथेच राहू द्यावं.

संमतीचा प्रकार तर आणखी चक्रावणारा आहे. चॅनलची मदत घ्यायची की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवायचं. मूल लहान असेल तर पालकांनी. नको म्हटलं तर विषय संपला, असं आपल्याला वाटेल. पण माहिती ठेवण्याचा कायदेशीर आधार सहसा संमती हा नसतोच. ‘सार्वजनिक कर्तव्य’ हा असतो. म्हणजे मदत नाकारता येते, नोंद नाकारता येत नाही.

आता आकडे पाहा. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये ६,९२२ जणांबद्दल अशा सूचना आल्या. सर्वांत मोठा गट ११ ते १५ वर्षांच्या मुलांचा. चॅनलची मदत सुरू झाली ती ५१२ प्रकरणांत, म्हणजे शंभरात जेमतेम सात. उरलेल्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत पाल उगाच चुकचुकली होती. त्यांच्याही फायली मात्र तयार झालेल्या असतात.

असाच एक मुलगा ११ वर्षांचा असताना त्याच्याबद्दल तक्रार झाली. पोलिसांनी २०१६मध्ये प्रकरण बंद केलं, पण माहिती त्यांच्या संगणकांत राहिली. पुढे कॉलेज-विद्यापीठाच्या वेळी ती कुणापुढे आली तर? मुलाच्या वतीने आई न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२०मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की ती माहिती ठेवत राहणं मुलाच्या खासगीपणावर घाला घालणारं आणि माहिती-संरक्षण कायद्याचा भंग करणारं आहे.

मग बंद झालेल्या फायली लगेच फाडून टाकाव्यात का? तसं म्हणावं, तर इंग्लंडमधलं साउथपोर्ट आठवतं. २९ जुलै २०२४ रोजी तिथल्या मुलांच्या नृत्यवर्गात तीन चिमुरड्या मुलींचा खून झाला. मारेकऱ्याबद्दल २०१९ ते २०२१ या काळात प्रिव्हेंटकडे तीनदा सूचना गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा प्रकरण मिटवलं गेलं. फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या आढावा अहवालात एक बारीकशी बाब आहे: नोंदीत त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, त्यामुळे आधीची नोंद नजरेतून सुटली असावी. रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरंच आडनाव घेऊन ज्यांनी खेटे घातलेत, त्यांना एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको.

एकीकडे कागद विसरायला तयार नव्हता, दुसरीकडे त्याला वेळेवर आठवलं नाही. चॅनलमध्ये यावर छोटी तजवीज आहे: प्रकरण बंद झाल्यावर सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी ते पुन्हा पाहायचं. ‘माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय?’ असं काउन्सिलला विचारायचा हक्कही माणसाला आहे. त्याला पैसे पडत नाहीत, आणि काही अपवाद सोडले तर सहसा महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं.

त्या बाईंच्या फॉर्मबाबत म्हणूनच मला दोन कामं सगळ्यांत मोलाची वाटतात. मुलाचं नाव अक्षर न् अक्षर तपासून लिहिणं, आणि शंका फोल ठरली की ती फाईल नष्ट करण्याची तारीख पाळणं. दोन्ही कामं कारकुनीच आहेत. ती चोख झाली, तर वर्गात भलतंच बोलून गेलेलं पोर पुढे विद्यापीठाच्या दारात उभं राहील, तेव्हा त्याच्यामागे तेराव्या वर्षीचं ते एक वाक्य उभं नसेल.